डिस्चार्ज बुकात राहून गेलेली पदके: नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेले असते. पण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले घर क्वचितच सापडते. पेन्शन सुरू करताना त्यातील एक-दोन पाने लागतात, मुलांच्या सवलतीसाठी एखादी छायाप्रत लागते, आणि पुन्हा ते ट्रंकेत जाते. मग कधीतरी एखादे नातवंड भिंतीवरचा जुना फोटो पाहून विचारते, की आजोबांच्या छातीवर चार फिती आहेत, तर पुस्तकात दोनच पदके कशी लिहिली आहेत. सैन्यात लिपिक म्हणून नोकरी करून गावी परतल्यापासून मी असे प्रश्न घेऊन आलेल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज लिहून देत आलो आहे. त्या कामात जे कळले ते येथे मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या ठिकाणी सेवेत असलेल्या सैनिकाचा सेवा पदकावर हक्क असतो, आणि नोंद राहून गेली म्हणून तो हक्क बुडत नाही. त्यामुळे अर्ज करताना विनवणीचा सूर लावण्याचे कारण नाही. मात्र रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे सैनिकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या कार्यालयात, बसलेला माणूस तुमच्या आठवणीवर सही करू शकत नाही. त्याला कागद लागतो. या सगळ्या खटाटोपाचे सार इतकेच, की आठवणीतून तारीख, पलटण आणि ठिकाण या तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या आणि प्रत्येकीला कागदाचा आधार मिळवून द्यायचा.

नेमके काय राहिले आहे?

‘पदक राहिले’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. ती ओळखण्यात चूक झाली, तर वर्ष-दोन वर्षे चुकीच्या दारात उभे राहण्यात जातात.

पहिल्या प्रकारात पदक मंजूर झालेले असते, त्याची पार्ट टू ऑर्डरही निघालेली असते, पण ती नोंद डिस्चार्ज बुकात उतरलेली नसते. ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सैनिकाच्या आयुष्यातील प्रत्येक अधिकृत घटना, म्हणजे बदली, बढती, रजा, लग्न, अपत्य, जखम, पदक, ही त्याची पलटण पार्ट टू ऑर्डर काढून प्रसिद्ध करते. त्या ऑर्डरची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तेथे ती सैनिकाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, चढवली जाते. निवृत्तीच्या वेळी या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. या साखळीत हाताने नक्कल करण्याची दोन-तीन ठिकाणे असल्यामुळे एखादी ओळ गळणे सहज शक्य होते. हा प्रकार सर्वांत सोपा आहे, कारण मूळ नोंद शाबूत असते आणि फक्त ती पुढे आणायची असते.

दुसऱ्या प्रकारात सैनिक पात्र असतो, पण त्याच्या नावाचा दावा पलटणीने कधी पाठवलेलाच नसतो. माझ्याकडे आलेली बहुसंख्य प्रकरणे याच प्रकारची होती, म्हणून पुढील मजकुराचा मोठा भाग याच प्रकाराविषयी आहे.

तिसऱ्या प्रकारात शौर्य पदकाची शिफारस झाली होती असे सैनिकाला सांगण्यात आलेले असते, पण पदक मिळालेले नसते. येथे अगोदरच स्पष्ट सांगावे लागते, की शौर्य पदक नोंद दुरुस्तीने मिळत नाही. त्याचा विचार शेवटी करू.

दावा का राहतो

याची कारणे ठरावीक असतात आणि आपल्या प्रकरणात त्यांपैकी कोणते लागू आहे हे कळले, की पुरावा कुठे शोधायचा हेही कळते.

युद्धाशी जोडलेले पदक लढाई संपल्यावर काही काळाने जाहीर होते. १९६५ च्या युद्धासाठीचे समर सेवा स्टार आणि रक्षा पदक १९६७ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात जो सैनिक घरी आला, त्याच्या डिस्चार्ज बुकात ते येणार तरी कसे? पलटण याद्या तयार करते ती हजर नफरीवरून, म्हणजे त्या वेळी पलटणीत असलेल्या माणसांवरून, आणि गावी गेलेल्या माणसाचा पत्ता घेऊन त्याला कळवण्याचे काम अनेकदा राहून जाते.

दुसरे कारण बदलीचे. यादी तयार होत असतानाच सैनिक जुन्या पलटणीतून निघालेला असतो आणि नव्या पलटणीत पोहोचलेला नसतो किंवा नुकताच पोहोचलेला असतो. जुनी पलटण समजते की नवी करील, नवी समजते की जुनीने केले असेल.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते म्हणजे जोडणीवर असलेला सैनिक. पायदळाच्या पलटणीबरोबर सिग्नलचा ऑपरेटर असतो, ईएमईचा, म्हणजे यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, कारागीर असतो, वैद्यकीय कोअरचा नर्सिंग असिस्टंट असतो. त्यांचे राहणे, खाणे आणि लढणे पलटणीबरोबर, पण कागदपत्रे त्यांच्या मूळ कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढलेल्या पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची ‘पूर्वी स्टार’ या पदकासाठीची यादी पलटणीने केली असेल, असे आपण गृहीत धरू शकतो. पण त्या पलटणीबरोबर जोडणीवर आलेल्या दुसऱ्या कोअरच्या माणसाचे नाव त्या यादीत आले का, आणि आले असल्यास ते जबलपूर किंवा सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचले का, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आपण असे जोडणीवर असाल, तर आपली फाइल नीट पाहावी, असा माझा आग्रह राहील.

राखीव दलात गेलेल्या आणि १९६५ किंवा १९७१ मध्ये परत बोलावल्या गेलेल्या सैनिकांचीही हीच अवस्था होते. त्यांचा परत बोलावल्याचा काळ छोटा असतो, आणि डिस्चार्ज बुकात तो एका ओळीत संपतो.

तारखांशी ताळा

एका कोऱ्या कागदावर आपल्या नोकरीचा आलेख तयार करावा: भरतीची तारीख, प्रशिक्षण केंद्र, प्रत्येक पलटण, तिथे हजर झाल्याची आणि तिथून निघाल्याची तारीख, पलटण त्या वेळी कुठे होती, रुग्णालयात किंवा लांब रजेवर असलेला काळ, आणि निवृत्तीची तारीख. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण एकदा हा कागद समोर आला की अर्धे काम झालेले असते. तारखा आठवत नसतील तर घरातील इतर घटनांचा आधार घ्यावा. आमच्या शेजारच्या एका काकूंनी पतीची पलटण सिक्कीमला कधी गेली हे थोरल्या मुलाच्या बारशावरून सांगितले होते आणि ते पुढे कागदाशी तंतोतंत जुळले.

आता या आलेखावर पदकांच्या तारखा ठेवून पाहायच्या. काही पदके नुसत्या तारखेवर ठरतात. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापन दिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळाले, ५० व्या वर्धापन दिनाचे १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांना आणि ७५ व्याचे १५ ऑगस्ट २०२२ रोजी सेवेत असलेल्यांना. रक्षा पदकासाठी ५ ऑगस्ट १९६५ या दिवशी नफरीवर असणे आणि तोपर्यंत १८० दिवसांची सेवा झालेली असणे आवश्यक होते. संग्राम पदक ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातील सेवेसाठी आहे आणि त्यासाठी आघाडीवर असण्याची अट नाही; जबलपूरच्या डेपोत काम करणारा सैनिकही त्याला पात्र ठरतो. ‘आम्ही कुठे लढायला गेलो होतो’ असे म्हणून अनेक जण स्वतःच हा दावा सोडून देतात. तो सोडू नये.

दुसरा गट सेवेच्या लांबीचा. ९ वर्षे, २० वर्षे आणि ३० वर्षे अशा दीर्घ सेवेची पदके आहेत. सतरा वर्षे नोकरी केलेल्या सैनिकाच्या पुस्तकात ९ वर्षांचे पदक नसेल, तर ते का नाही हे विचारलेच पाहिजे. कधी शिस्तभंगाची जुनी नोंद आड आलेली असते, कधी नुसतीच चूक असते. उत्तर काहीही असो, ते लेखी मिळवावे.

तिसरा गट तारीख आणि ठिकाण या दोन्हींवर ठरतो, आणि येथेच पुराव्याचा कस लागतो. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवर पश्चिमी स्टार, १९९९ च्या कारगिल संघर्षासाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक, सियाचिन ग्लेशियर पदक, ९,००० फुटांपेक्षा उंच प्रदेशातील सेवेसाठी हाय ऑल्टिट्यूड पदक, परदेशातील सेवेसाठी विदेश सेवा पदक, ही सर्व या गटात येतात. काही पदकांमध्ये मूळ पदक एकच असते आणि मोहिमेप्रमाणे त्याच्या फितीवर धातूची पट्टी बसते. तिला सैन्यात क्लॅस्प म्हणतात. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर जम्मू-काश्मीरची, नागा हिल्सची, ‘गोवा १९६१’ची पट्टी आहे, सैन्य सेवा पदकावर हिमालय, नेफा, जम्मू-काश्मीर अशा पट्ट्या आहेत. डिस्चार्ज बुकात पदकाचे नाव असूनही पट्टीची नोंद नसणे ही चूक फार आढळते. गोव्याच्या मुक्तीसाठी डिसेंबर १९६१ मध्ये निघालेल्या सैन्यात जे मराठी सैनिक होते, त्यांच्या घरच्यांनी हे मुद्दाम पाहावे, कारण बाकी सगळे बरोबर असल्यामुळे ही एक पट्टी नजरेतून सुटते.

पात्रतेच्या अटी प्रत्येक पदकाच्या स्थापनेच्या आदेशात लिहिलेल्या असतात, आणि तो आदेश भारताच्या राजपत्रात असतो. अर्जात त्या आदेशाचा उल्लेख करता आला तर उत्तम. न आल्यास अडून बसू नये, कारण रेकॉर्ड ऑफिसकडे तो असतोच.

कागद कुठून आणावा

स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत काढावी, रिकाम्या पानांचीही. त्यानंतर पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ, जुने पे-बुक, बदलीचे आदेश, रुग्णालयाचे कागद, रेल्वे वॉरंटचे उरलेले तुकडे, पलटणीच्या पत्त्यावर आलेली पत्रे आणि त्यांवरील फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के, हे सर्व एकत्र करावे. फोटोच्या मागे तारीख आणि ठिकाण लिहिलेले असेल तर दोन्ही बाजूंची प्रत काढावी. नुसत्या फोटोवर नोंद होत नाही, पण इतर कागदांना तो बळ देतो.

त्यानंतर बरोबरच्या सहकाऱ्यांकडे वळावे. एकाच कंपनीतील, एकाच मोहिमेवर असलेल्या दुसऱ्या सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात ते पदक नोंदलेले असेल, तर त्याच्या पानाची प्रत आणि ‘हा माझ्याबरोबर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी होता’ असे त्याचे प्रतिज्ञापत्र फार उपयोगी पडते. असे प्रतिज्ञापत्र त्या वेळच्या अधिकाऱ्याने किंवा जेसीओने (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरने) दिले तर त्याचे वजन वाढते. पलटणीच्या वार्षिक मेळाव्यांना जाणारे माजी सैनिक हे काम एका दिवसात करू शकतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी सैनिक आहेत, तिथे तर साक्षीदार पारावरच भेटतात. प्रतिज्ञापत्रात ऐकीव मजकूर घालू नये. जेवढे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे, कारण एक चुकीची तारीख बाकीच्या खऱ्या तारखांवर संशय आणते.

अर्ज

अर्ज कुठे जातो हे पदकावर ठरत नाही, सैनिकाच्या मूळ रेजिमेंटवर किंवा कोअरवर ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स आहे आणि वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कला वायुसेना रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांची कागदपत्रे मात्र रेकॉर्ड ऑफिसमध्ये नसून दिल्लीत सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे असतात.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. थेट पाठवण्यास अडचण नाही. पण सैनिक कल्याण कार्यालयाचा जावक क्रमांक असलेला अर्ज सहसा लवकर हाताळला जातो, आणि तेथील कर्मचारी कागद अपुरे असतील तर तिथल्या तिथे सांगतात. भाषेबद्दल नेहमी विचारले जाते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रारीचे निवेदन देशातील कोणत्याही प्रचलित भाषेत देता येते, म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरीही सागर किंवा जबलपूरला मराठी वाचणारा माणूस शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून हिंदी किंवा इंग्रजी प्रत सोबत जोडावी, असे मी सुचवतो.

अर्जाचा मजकूर एका पानात बसावा. तोफखान्याच्या एका नायकासाठी लिहायचा झाला, तर त्याचा गाभा असा राहील:

‘मी, आर्मी नंबर अमुक, नायक अमुक, दिनांक अमुक रोजी भरती झालो व दिनांक अमुक रोजी निवृत्त झालो. दिनांक अमुक ते अमुक या काळात मी अमुक रेजिमेंटच्या अमुक बॅटरीत अमुक ठिकाणी तैनात होतो. या सेवेमुळे मी पश्चिमी स्टार व संग्राम पदक यांस पात्र आहे. माझ्या डिस्चार्ज बुकाच्या अमुक पानावर संग्राम पदकाची नोंद आहे, परंतु पश्चिमी स्टारची नोंद नाही. सोबत पाच कागद जोडले आहेत. कृपया माझ्या शीट रोलशी पडताळणी करून आवश्यक पार्ट टू ऑर्डर काढावी, डिस्चार्ज बुकातील नोंद दुरुस्त करावी आणि पदक अद्याप दिले गेले नसल्यास ते द्यावे. विनंती मान्य करता येत नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. लेखी नकार हा पुढच्या प्रत्येक पायरीचा पाया असतो. नोंद आणि प्रत्यक्ष पदक या दोन मागण्याही वेगवेगळ्या लिहाव्यात, कारण नोंद होऊनही पदक हाती येण्यास बराच काळ लागू शकतो आणि दोन्ही एकत्र मागितल्यास एकीची पूर्तता होऊन प्रकरण बंद केले जाते. एका अर्जात इतर गाऱ्हाणी आणू नयेत. पेन्शनची थकबाकी, जन्मतारखेतील चूक, पत्नीच्या नावातील फरक हे सर्व खरे असले, तरी प्रत्येकासाठी वेगळा टेबल आणि वेगळा माणूस असतो, आणि एकत्र अर्ज त्या टेबलांमध्ये फिरत राहतो.

सैनिक हयात नसल्यास पत्नी, आणि तीही नसल्यास मुले अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. आपल्याकडे सैन्याच्या कागदात ‘पांडू’ आणि ग्रामपंचायतीच्या कागदात ‘पांडुरंग’, किंवा आडनावाऐवजी वडिलांचे नाव, असे प्रकार जुन्या भरतीत सर्रास आढळतात. तसे असल्यास दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जासोबत द्यावे. नाहीतर सहा महिन्यांनी तेवढ्याचसाठी अर्ज परत येतो.

मूळ डिस्चार्ज बुक टपालाने पाठवू नये. आधी छायाप्रत पाठवावी. दुरुस्तीसाठी मूळ पुस्तक लेखी मागवले गेले, तर ते स्वतः नेऊन द्यावे किंवा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पोच घेऊन पाठवावे, आणि त्याआधी सर्व पानांचे फोटो काढून ठेवावेत. एका वृद्ध सुभेदार मेजरांचे पुस्तक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना गहाळ झाले, तेव्हा त्यांच्याकडे फक्त दोन पानांची प्रत होती. तो माणूस माझ्या ओसरीवर बसून कितीतरी वेळ काही बोलला नाही.

या कामासाठी पैसे मागणारे मध्यस्थ हल्ली वाढले आहेत. न मिळालेले पदक प्रथम देताना सैनिकाकडून किंमत घेतली जात नाही. मिळालेले पदक हरवले असेल तर मात्र ती वेगळी बाब आहे: पोलिसांकडे नोंद, प्रतिज्ञापत्र आणि पदकाची किंमत हे सोपस्कार तेथे लागतात. त्यामुळे न मिळालेल्या पदकासाठी ‘डुप्लिकेट’ हा शब्द अर्जात चुकूनही वापरू नये. तो वापरला, की पदक एकदा मिळाले होते असे आपणच लिहून दिल्यासारखे होते.

शीट रोलच उरला नसेल तर

पेन्शन न मिळता निवृत्त झालेल्या सैनिकांचे कागद सैन्याच्या नियमावलीप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केले जातात. ज्यांनी पाच-सात वर्षे नोकरी करून सैन्य सोडले, त्यांना ‘आपले अभिलेख नष्ट करण्यात आले आहेत’ असे उत्तर येते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण शीट रोल गेला तरी लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवली जाते. तीत सैनिकाचा नंबर, नाव, भरती आणि निवृत्ती यांसारखी मोजकी माहिती असते. १९७२ किंवा १९९७ च्या वर्धापन दिनाच्या पदकासारखा निव्वळ तारखेवर ठरणारा दावा सिद्ध करण्यासाठी ती अनेकदा पुरते. म्हणून असे उत्तर आल्यास लाँग रोलमधील आपल्या नोंदीची प्रत मागावी, तिच्या आधारे निदान तेवढे पदक मागावे, आणि ठिकाणावर ठरणाऱ्या पदकांसाठी आपले डिस्चार्ज बुक व सहकाऱ्यांचे कागद पुढे करावेत. सरकारी प्रत नष्ट झाली असता सैनिकाकडील मूळ डिस्चार्ज बुक हाच सर्वांत भक्कम पुरावा उरतो, हे वाक्य अर्जात स्पष्ट लिहावे.

उत्तर न आल्यास

तीन महिने वाट पाहून स्मरणपत्र द्यावे, आणि त्यानंतर माहितीचा अधिकार वापरावा. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तो ऑनलाइनही होतो, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यावरील निर्णयानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. माहितीच्या अधिकारात नोंद दुरुस्त होत नाही; फक्त कागद मिळतो. त्यामुळे ‘मला पदक का दिले नाही’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी शीट रोलची पूर्ण प्रत, पदकांसंबंधी आपल्या नावाने निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि आपल्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मागावी. शीट रोल हाती आल्यावर कित्येकदा असे दिसते, की पदकाची नोंद तिथे आहे आणि फक्त डिस्चार्ज बुकात नाही. म्हणजे दुसऱ्या प्रकारचे वाटलेले प्रकरण पहिल्या प्रकारचे, सोपे निघते.

लेखी नकार आला आणि तो चुकीचा आहे असे कागदांवरून दिसत असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तेथे अर्ज करावा लागतो. निवेदनावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही, तरीही दार उघडते. उशीर झाला असल्यास त्याचे कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते. निवृत्त सैनिक जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, म्हणजे रेकॉर्ड ऑफिस सागरला असले तरी लातूरच्या माणसाला मुंबईतच दाद मागता येते. तरीही एका सेवा पदकासाठी तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही. नीट लिहिलेला पहिला अर्ज आणि शीट रोलची प्रत यांवर बहुतेक प्रकरणे मिटतात.

जखम आणि शौर्य

शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकासाठी पराक्रम पदक आहे. येथे सगळा निर्णय एका शब्दावर अवलंबून असतो: त्या वेळी जखमेची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतील जखम) म्हणून झाली की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (अपघात किंवा इतर कारणाची इजा) म्हणून. गोळीची किंवा सुरुंगाची जखम असूनही घाईत दुसऱ्या सदरात नोंद झाली असेल, तर पदकाआधी ते वर्गीकरण दुरुस्त करावे लागते. त्यासाठी रुग्णालयाचे त्या वेळचे कागद, जखमेचा अहवाल आणि पलटणीने पाठवलेला संदेश मिळवावा. या दुरुस्तीचा परिणाम पेन्शनवरही होऊ शकतो, म्हणून हे प्रकरण अनुभवी माणसाच्या मदतीशिवाय हाताळू नये.

शौर्य पदकाबाबत फक्त एकच प्रसंग नोंद दुरुस्तीत बसतो: पदक राजपत्रात जाहीर झाले आहे, पण डिस्चार्ज बुकात किंवा पीपीओत त्याची नोंद नाही. अशी चूक ताबडतोब दुरुस्त करून घ्यावी, कारण शौर्य पदकाबरोबर मासिक भत्ता असतो. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दराने शौर्यासाठीच्या सेना मेडलला दरमहा २,००० रुपये, शौर्य चक्राला ६,००० आणि वीर चक्राला ७,००० रुपये मिळतात, आणि सैनिकाच्या मागे त्याच्या पत्नीलाही तो भत्ता मिळतो. जुनी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टची राजपत्रे पाहून अधिसूचनेचा क्रमांक अर्जात द्यावा. ज्यांची केवळ शिफारस झाली होती, त्यांच्या बाबतीत मात्र शिफारस मान्य करणे हा वरिष्ठांचा निर्णय होता आणि दुरुस्तीच्या अर्जाने तो बदलत नाही. हे एखाद्या जखमी म्हाताऱ्याला सांगताना माझी जीभ अडखळते, पण त्याला खोट्या आशेवर आणखी दहा वर्षे ठेवणे त्याहून वाईट आहे. अशा वेळी त्याच्या नावाची सेवा पदके आणि पराक्रम पदक तरी पूर्ण नोंदले आहेत ना, याची खात्री मी करून घेतो.

पदक हाती आल्यावर

दुरुस्तीचे पत्र आले की त्यातील पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख डिस्चार्ज बुकातील नव्या नोंदीशी जुळते का ते पाहावे आणि नोंदीखाली सही-शिक्का आहे याची खात्री करावी. नंतर पदकाची कड उजेडात धरून वाचावी. तिच्यावर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. नंबरातील एक आकडा किंवा नावातील एक अक्षर चुकले असेल, तर त्याच आठवड्यात कडेचा फोटो जोडून रेकॉर्ड ऑफिसला कळवावे, आणि दुरुस्तीसाठी पदक परत पाठवताना त्याची पोच घ्यावी.